महाविद्यालयीन मद्यपानाची मोजदाद : काय विचारावे, कोणास विचारावे, कसे विचारावे

लघुप्रबंधांचे विषय निश्चित करण्याची वेळ आली, की समाजकार्य, मानसशास्त्र आणि परिचर्या या शाखांचे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि क्वचित प्रसंगी वसतिगृहांचे अधीक्षकदेखील एकच पृच्छा निरनिराळ्या शब्दांत करू लागतात : आमच्या महाविद्यालयातील काही मुले-मुली मद्य घेतात हे आम्हांस ठाऊक आहे, पण ती घेतल्यावर कशी वागतात हे पद्धतशीर मोजावयाचे झाल्यास कोणती प्रश्नावली वापरावी? पृच्छा सरळ दिसते. परंतु तिच्या पोटात तीन वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात, आणि प्रश्नावलीची निवड ही त्या तिहींहून सोपी होय. किती प्यायले आणि पिऊन काय केले या दोन गोष्टींची सरमिसळ ही पहिली अडचण; पेल्याचे माप निश्चित नसणे ही दुसरी; आणि उत्तर देणाऱ्यास उत्तराची धास्ती वाटणे ही तिसरी व सर्वांत अवघड. ज्याला आपला जबाब प्राचार्यांच्या मेजावर जाईल अशी शंका आहे, त्याच्या आकड्यांना कोणत्याही सांख्यिकीय कसोटीने खरेपणा आणता येत नाही. म्हणून गोपनीयता हा केवळ सौजन्याचा भाग न मानता आपण तिला मापनाची पहिली अट मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी ठरवा : मोजावयाचे काय?

‘मद्यपानविषयक वर्तन’ या एका मथळ्याखाली चार स्वतंत्र बाबी येतात, आणि त्यांपैकी कोणती हवी हे कागदावर लिहून काढल्यावाचून आपण एकही प्रश्न रचू नये.

- मात्रा आणि वारंवारता : किती दिवस, प्रत्येक वेळी किती, आणि किती वेळात.
- वर्तन आणि परिणाम : भांडण, पडझड, पिऊन गाडी चालविणे, बुडालेले तास, रात्रीचे काही न आठवणे, नको असलेला किंवा लादलेला शरीरसंबंध.
- हेतू : मौजेखातर, मित्रमंडळींच्या संगतीखातर, दुःख विसरण्यासाठी, की बाजूला पडू नये म्हणून.
- सांभाळून पिण्याच्या युक्त्या : मध्ये पाणी घेणे, आधी जेवून घेणे, न पिणाऱ्याच्या हाती गाडीची किल्ली देणे.

मात्रेवरून वर्तनाचा अंदाज बांधता येईल, अशी पुष्कळांची समजूत असते. क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन या दोघा संशोधकांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरनिराळ्या समाजांतील दाखले देऊन असे दाखविले, की नशेत माणूस कसा वागतो हे बऱ्याच अंशी त्याच्या समाजाने त्यास नशेत काय करण्याची मुभा दिली आहे यावर ठरते. पुढे १९७३ मध्ये अ‍ॅलन मार्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्होडका व टॉनिक यांचा जो प्रयोग केला, त्यात पेल्यात प्रत्यक्ष काय आहे यापेक्षा काय आहे असे सांगितले गेले, यावर पिण्याचे प्रमाण अधिक अवलंबून राहिलेले दिसून आले. आपल्या कामापुरता याचा अर्थ एवढाच, की मात्रेचे रकाने भरून घेतले म्हणजे वर्तन मोजले असे होत नाही. वर्तनाचे प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

मापाचा घोळ, आणि तो कसा सोडवावा

‘आपण एका वेळी किती पेये घेता?’ हा प्रश्न परदेशी प्रश्नावलीतून जसाच्या तसा उचलून आपल्याकडील विद्यार्थ्यापुढे ठेवला, तर तो ‘एक’ असे उत्तर देईल, आणि त्या ‘एक’चा अर्थ तीस मिलिलिटरचा छोटा पेग, साठचा मोठा पेग, ६५० मिलिलिटरची बिअरची बाटली किंवा अख्खी क्वार्टर यांपैकी काहीही असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक प्रमाण पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क धरला आहे. अमेरिकेत ते १४ ग्रॅम, तर ब्रिटनमधील एकक ८ ग्रॅमचे. म्हणून विद्यार्थ्याला ‘पेय’ विचारू नये. तो ज्या भाषेत मागणी नोंदवितो त्या भाषेत विचारावे, आणि ग्रॅमचा हिशेब नंतर स्वतः करावा. हिशेबाची रीत सोपी आहे : मिलिलिटरला मद्यार्काच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे, आणि आलेल्या संख्येस ०.७९ ने गुणावे. बाटलीवरील ४२.८ टक्के हा कडक मद्याचा नेहमीचा आकडा धरल्यास तक्ता असा होतो :

- छोटा पेग, ३० मिलिलिटर : सुमारे १० ग्रॅम
- मोठा पेग, ६० मिलिलिटर : सुमारे २० ग्रॅम
- नाइन्टी, ९० मिलिलिटर : सुमारे ३० ग्रॅम
- क्वार्टर, १८० मिलिलिटर : सुमारे ६१ ग्रॅम
- बिअरची मोठी बाटली, ६५० मिलिलिटर, ५ टक्के : सुमारे २६ ग्रॅम
- तीच बाटली, ‘स्ट्राँग’, ८ टक्के : सुमारे ४१ ग्रॅम
- वाइनचा पेला, १५० मिलिलिटर, १२ टक्के : सुमारे १४ ग्रॅम

या तक्त्याकडे जरा थांबून पाहावे. ‘मी दारू घेत नाही, फक्त एक बिअर घेतो’ असे सांगणारा विद्यार्थी स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत चार छोट्या पेगांइतका मद्यार्क घेत असतो. आणि जागतिक आरोग्य संघटना ज्या ६० ग्रॅमच्या रेषेवर एका बैठकीतील मद्यपान अति समजते, ती रेषा एका क्वार्टरमध्येच ओलांडली जाते. तेव्हा कोणते पेय, कोणत्या मापाचे, सौम्य की स्ट्राँग, असे तीन लहान रकाने एका मोठ्या प्रश्नाहून अधिक उपयोगी पडतात. बाटल्यांची व पेल्यांची चित्रे छापता आली तर उत्तम. घरी किंवा खोलीवर ओतून घेणारे हातमापाने ओततात, आणि तो हात बहुधा सढळ असतो, हेही ध्यानात ठेवावे.

याच ठिकाणी एक प्रसिद्ध आकडा आपली दिशाभूल करू शकतो. हार्वर्ड विद्यापीठात हेन्री वेक्सलर यांनी १९९३ साली १४० अमेरिकी महाविद्यालयांची जी पाहणी केली, तीत मागील दोन आठवड्यांत एका बैठकीत पुरुषाने पाच किंवा स्त्रीने चार पेये घेतली असल्यास ते अतिपान समजले गेले, आणि ४४ टक्के विद्यार्थी त्या व्याख्येत बसले. आपल्याकडील अनेक लघुप्रबंध ‘पाच-चार’ची ही कसोटी पेगांना लावून मोकळे होतात. परंतु अमेरिकेतील पाच पेये म्हणजे ७० ग्रॅम, अर्थात आपले सात छोटे पेग किंवा साडेतीन मोठे. आणि चार पेये म्हणजे ५६ ग्रॅम. हे रूपांतर न करता केलेली तुलना पूर्णतः निरर्थक होय, मग ती कितीही आकर्षक आलेखात मांडलेली असो.

कोणती प्रश्नावली कोणत्या कामाची

- ऑडिट : जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी, गुण ० ते ४०. पहिले तीन प्रश्न सेवनाचे, पुढील तीन अवलंबित्वाचे, अखेरचे चार हानीचे. ८ व त्याहून अधिक गुण हे धोकादायक सेवनाचे चिन्ह मानण्याचा प्रघात आहे; विद्यार्थ्यांसाठी याहून खालची रेषा सुचविणारे संशोधकही आहेत. तिच्या वापरास शुल्क नाही, आणि वेळ थोडा असेल तर हीच घ्यावी.
- ऑडिट-सी : वरील चाचणीतील पहिले तीनच प्रश्न. केवळ मात्रेसाठी ठीक, वर्तनासाठी अपुरी.
- रटगर्स मद्यसमस्या निर्देशांक : १९८९ साली प्रसिद्ध झालेली, तेवीस प्रसंगांची यादी. किशोर व तरुण यांच्या समस्या मोजण्यासाठीच रचलेली.
- तरुण प्रौढांच्या मद्यपरिणामांची प्रश्नावली : २००६ ची, ‘होय-नाही’ स्वरूपाची ४८ विधाने आठ गटांत, शिवाय २४ विधानांची संक्षिप्त आवृत्ती. आपला विषय खरोखर ‘पिऊन कसे वागतात’ हाच असेल, तर माझी शिफारस या संक्षिप्त आवृत्तीची.
- दैनिक मद्यपान प्रश्नावली : सोमवार ते रविवार असे सात रकाने, नेहमीच्या आठवड्यात कोणत्या वारी किती पेये व किती तासांत, एवढेच ती विचारते.
- दिनदर्शिका पद्धत : विद्यार्थ्यासमोर कॅलेंडर ठेवून गेल्या महिन्याचा एकेक दिवस आठवून घ्यावयाचा. वेळखाऊ खरी, पण प्रत्यक्ष मुलाखतीत फार खात्रीची.

अखेरच्या पद्धतीत आठवणीला आधार लागतो, आणि तो आपल्या परिसरातून घ्यावा : सत्रपरीक्षा केव्हा संपली, स्नेहसंमेलन कोणत्या तारखेस झाले, सहल कधी गेली, एकतीस डिसेंबरला कोठे होता, ड्राय डे कोणत्या वारी आला. या खुणा कॅलेंडरवर आधी भरून घेतल्या, की मधले दिवस आपोआप उलगडू लागतात. उलट, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात पाहणी करून तोच आठवडा ‘नेहमीचा’ म्हणून नोंदविणे ही चूक सर्रास घडते.

ऑडिटखेरीज इतर प्रश्नावल्यांसाठी मूळ कर्त्यांची लेखी परवानगी मागावी. मराठी रूपांतर एकाने करावे, दुसऱ्याने ते मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत न्यावे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत. गुणांची रेषाही कामानुसार ठरते : गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या प्रौढ पुरुषांसाठी समुपदेशनाचा जो प्रयोग केला व ज्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यासाठी ऑडिटचे १२ ते १९ गुण असलेल्यांची निवड केली होती. तो आकडा उपचारासाठी योग्य गट निवडण्याचा होता. महाविद्यालयातील पाहणीत तो डोळे मिटून वापरू नये.

प्रश्नांची भाषा

प्रश्नात नैतिक निवाडा येऊ देऊ नये. ‘आपण व्यसनाच्या आहारी गेला आहात काय?’ या प्रश्नास ‘नाही’ हे एकच उत्तर शक्य असते. मुदत स्पष्ट असावी : ‘कधी तरी’, ‘गेल्या वर्षभरात’ आणि ‘गेल्या तीस दिवसांत’ हे तीन प्रश्न वेगळे, आणि त्यांची उत्तरेही वेगळी येतात. ‘दारूमुळे आपले भांडण झाले का?’ असे विचारल्यास कारणमीमांसेचा भार आपण उत्तर देणाऱ्यावर टाकतो, आणि भांडण त्या दुसऱ्याच्या उद्धटपणामुळे झाले असे मानणारा विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी ‘मद्य घेत असताना किंवा घेतल्यानंतर काही तासांत पुढीलपैकी काय घडले?’ असे विचारून घटना नोंदवाव्यात. प्रमाणित प्रश्नावलीची शब्दरचना मात्र आपल्या मर्जीने बदलू नये. वेगळ्या घाटाचे प्रश्न पुरवणी म्हणून शेवटी जोडावेत.

‘तुमचे किती मित्र पितात?’ या प्रश्नावर पाहणीचा पाया रचू नका. वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी १९८६ साली एका अमेरिकी महाविद्यालयातील पाहणीवरून दाखवून दिले, की विद्यार्थी आपल्या सोबत्यांची पिण्याबाबतची मोकळीक प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक समजतात. हा प्रश्न समजुतीचे माप म्हणून अवश्य विचारावा, वस्तुस्थितीचे म्हणून नव्हे.

न पिणाऱ्यांना वगळू नका

प्रश्नावलीच्या पहिल्याच ओळीत ‘आपण मद्य घेत नसल्यास येथेच थांबावे’ असे छापलेले असते, आणि तेथेच निम्मी माहिती हातची जाते. वेक्सलर यांच्या पाहणीतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे इतरांच्या पिण्याचा उपद्रव सोसणाऱ्यांना विचारलेले प्रश्न : झोप वा अभ्यास मोडला का, अपमान वा धक्काबुक्की झाली का, कोणा झिंगलेल्यास सांभाळत बसावे लागले का. आपल्या वसतिगृहांत एका खोलीत तिघे-चौघे राहतात. त्यांतील न पिणारा विद्यार्थी हा पिऊन होणाऱ्या वर्तनाचा बहुधा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार असतो. मुलींच्या बाबतीत तर ‘मी पीत नाही’ या उत्तरानंतरही छेडछाड, पाठलाग, परतीच्या वाटेवरील भीती अशा गोष्टी विचारल्याखेरीज चित्र पुरे होत नाही. मात्र साक्षीदाराकडून नावे घेऊ नयेत.

कायदा, संमती आणि उत्तर देणाऱ्याचे हक्क

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. कडक मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षांची, सौम्य बिअर व वाइनसाठी २१ वर्षांची. गोव्यात ती २१ आहे. याचा परिणाम असा, की पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या प्रश्नावलीत खरे उत्तर लिहितो तेव्हा तो बेकायदा कृत्याची लेखी कबुलीच देत असतो. वर्धा व गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर वयाने मोठा असलेलाही त्याच पेचात असतो. म्हणून पुढील बाबींत कसूर करू नये.

- संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत प्रमाण मानली जातात.
- अकरावी-बारावीचे विद्यार्थी १८ वर्षांखालील असतात. पदवीच्या पहिल्या वर्षातही काही सतरा वर्षांचे निघतात. त्यांच्यासाठी पालकांची संमती व विद्यार्थ्याची स्वतःची सहमती, दोन्ही लागतात. त्यात सवलत द्यावयाची की नाही हे समिती ठरवील; आपण परस्पर ठरवू नये.
- नाव, हजेरी क्रमांक, मोबाइल क्रमांक घेऊ नये. संगणकीय अर्ज वापरल्यास ईमेल पत्ता नोंदवून घेण्याची सोय बंद आहे ना, हे स्वतः भरून पाहावे.
- शाखा, वर्ष, लिंग, गाव आणि वसतिगृह हे सगळे एकत्र विचारले, की नावाची गरजच उरत नाही : त्या वर्गात त्या गावची एकच मुलगी असते. आवश्यक तेवढेच विचारावे, आणि अहवालात चार-पाच जणांचे गट वेगळे दाखवू नयेत.
- शिक्षकाने वर्गात उभे राहून प्रश्नावल्या गोळा करू नयेत. बंद पेटी ठेवावी, आणि कोऱ्या प्रतीही त्याच पेटीत टाकता याव्यात.

आपण स्वतः उत्तर देणारे विद्यार्थी असाल, तर आपले हक्कही ध्यानात ठेवा. आपणांस सहभागास नकार देता येतो. एखादा प्रश्न वगळता येतो. मध्येच थांबता येते. आणि यांपैकी कशाचाही अंतर्गत गुणांशी वा हजेरीशी संबंध जोडता येत नाही. माहितीपत्रकाची प्रत मागून घ्यावी. तक्रार असल्यास नैतिकता समितीकडे करता येते. निनावी अर्ज एकदा पेटीत पडला, की तो परत काढता येत नाही, हे मात्र संशोधकाने आधीच सांगावयास हवे.

एक कठीण प्रसंग आधीच विचारात घ्यावा. मुलाखतीत एखाद्या नवागताने आपल्याला बळेच दारू पाजल्याचे सांगितले, तर ते रॅगिंग ठरू शकते, आणि कायद्याने संस्थेवर काही कर्तव्ये येतात. अशा वेळी गोपनीयतेची हमी कोठवर टिकेल, हे मुलाखतीनंतर सुचून उपयोगाचे नाही. संमतीपत्रातच नमूद असावे.

यंत्रे आणि प्रत्यक्ष प्रयोग

श्वासातील मद्यार्क मोजण्याचे यंत्र वापरावे काय, असेही विचारले जाते. पाश्चात्त्य विद्यापीठांत प्रयोगशाळेतच मद्यालयाचा देखावा उभारून, किंवा रात्री परतणाऱ्या विद्यार्थ्यांचा श्वास तपासून अभ्यास झाले आहेत. आपल्याकडे वयोमर्यादेखालील विद्यार्थ्यास संशोधनासाठी मद्य देणे हा विचारही मनात आणू नये. श्वासचाचणीत घोट घेतल्यापासून किमान पंधरा मिनिटे थांबावे लागते, नाही तर तोंडात राहिलेला मद्यार्कच मोजला जातो. त्याहून मोठा धोका असा, की मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची असल्याने २५ चा आकडा पाहणारा विद्यार्थी तो गाडी चालविण्याचा दाखलाच समजतो, आणि शेवटचा पेग नुकताच घेतलेला असेल तर त्याचे प्रमाण पुढच्या अर्ध्या तासात आणखी चढत असते. लघुप्रबंधाच्या आवाक्यातील हे काम नव्हे.

हिशेब मांडताना

सरासरी ही येथे फसवी असते, कारण पुष्कळांचे उत्तर शून्य आणि थोड्यांचे फार मोठे असते. न पिणाऱ्यांचे प्रमाण वेगळे द्यावे. पिणाऱ्यांसाठी मध्यक द्यावा. आणि ६० ग्रॅमची रेषा ओलांडणारे किती, हे स्वतंत्र सांगावे. प्रत्येक टक्केवारीपुढे ती कोणापैकी आहे हे लिहावे. वर्गात बसलेल्यांनाच प्रश्नावली दिली असेल, तर त्या दिवशी गैरहजर असलेले निराळे असू शकतात, याची कबुली अहवालात असावी; सोमवारच्या पहिल्या तासाला घेतलेल्या पाहणीबाबत तर नक्कीच. एका महाविद्यालयातील आकडा ‘महाराष्ट्रातील तरुणाई’ अशा मथळ्याखाली वर्तमानपत्रास देऊ नये.

शेवटचे पान

ऑडिटमध्ये २० वा अधिक गुण मिळविणाऱ्यास केवळ सल्ला पुरत नाही; त्यास तज्ज्ञाकडून तपासणीची आवश्यकता असते. पण निनावी पाहणीत तो विद्यार्थी कोण हे आपणांस कळणार नाही, आणि कळू नयेच. यासाठी केंद्र शासनाची मानसिक आरोग्य सेवा टेलि-मानस हिचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ हे दोन्ही निःशुल्क क्रमांक, तसेच आपल्या गावातील समुपदेशकाची भेटीची वेळ, प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर छापावी, आणि ते पान फाडून नेता येईल असे ठेवावे. ते अधिक गुणवाल्यांनाच न देता, एकही घोट न घेतलेल्यांसह सर्वांना द्यावे. म्हणजे कोणाच्या हाती ते पान दिसले तरी त्यावरून कोणास काही ताडता येणार नाही.